"दादा, ह्यो खोटं बोलतोय": लहान मुलं, सेन्सर किट आणि डेटा सायन्स

मागच्या आठवड्यात ताईचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. वर एका सेन्सर किटच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: "हे घेऊ का? पुढच्या वर्षी हिला शाळेत एआय आहे म्हणे." किंमत ७,९९९ रुपये, ऑफर फक्त आज रात्रीपर्यंत. डब्यावर रोबोट, रॉकेट आणि जाड चष्मा लावलेला एक गोरागोमटा मुलगा. माझी भाची दुसरीत आहे. सीबीएसईच्या शाळेत जाते, गोष्टी रचून सांगण्यात पटाईत आहे आणि बेरीज अजून बोटांवर करते.

घरात एक इंजिनिअर असला की प्रिंटरपासून शेअर बाजारापर्यंत सगळे प्रश्न त्याच्याकडेच येतात. पण हा प्रश्न मला खरंच जवळचा होता, कारण गेल्या मार्चमध्ये मी असाच एक उद्योग करून बसलो होतो. तोही ७,९९९ न खर्चता. त्याबद्दल सांगतोच, आधी बातमी नेमकी काय आहे ते बघू. कारण फॉरवर्ड झालेल्या अर्ध्या मेसेजमध्ये ती चुकीची आहे.

बातमी काय आहे

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासून पुढे "आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि संगणकीय विचार" शिकवायला सुरुवात होणार. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी सीबीएसईने आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शिक्षकांचं प्रशिक्षण "निष्ठा" कार्यक्रमातून होणार. म्हणजे आठ वर्षांची मुलं लगेच चॅटबॉट बनवायला बसणार, असा याचा अर्थ नाही. मंत्रालयाने हा विषय "आपल्या भोवतीचं जग" याच्याशी जोडायचं म्हटलंय. आपल्या राज्य मंडळाच्या शाळेत शिकलेल्यांना हे लगेच कळेल: परिसर अभ्यास!

मला ही जोडणी या सगळ्या घोषणेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते आणि नेमकी तीच गोष्ट जाहिरातींतून गायब आहे. जाहिरातीत रोबोट आहे, परिसर नाही.

एआय डेटावर शिकतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण डेटा येतो कुठून? कोणीतरी, कुठेतरी, कशाने तरी मोजलेलं असतं. मोजणारं यंत्र चुकतं, मोजणारा माणूस चुकतो, मधेच लाइट जाते. मी एका कंपनीत डेटा पाइपलाइनवर काम करतो. म्हणजे एका ठिकाणाहून डेटा उचलायचा, साफ करायचा आणि दुसरीकडे पोचवायचा. गेल्या वर्षी आमच्या टीमने एका डॅशबोर्डवरची गडबड शोधण्यात तीन दिवस घालवले. रात्री दोन वाजता गोदामात एवढी वर्दळ कशी, हे कोणाला कळेना. शेवटी निघालं काय, तर एका यंत्राचं घड्याळ भारतीय वेळेऐवजी जागतिक वेळेवर लावलेलं, साडेपाच तास मागे. मॉडेल उत्तम, ग्राफ सुंदर, आणि मुळात वेळच चुकीची. चार वर्षं इंजिनिअरिंग करून असा संशय घ्यायला मला कोणी शिकवलं नव्हतं. तो आठव्या वर्षी शिकवता येतो, असं आता माझं ठाम मत आहे.

पत्र्याची खोली आणि स्लॅबची खोली

माझं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे, दुष्काळी पट्ट्यात. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, दोन शिक्षक, दोन खोल्या. एका खोलीवर स्लॅब, दुसरीवर पत्रा. पहिली-दुसरी पत्र्याखाली बसायची, तिसरी-चौथी स्लॅबखाली. का, तर पहिल्यापासून तसंच आहे.

मार्चमध्ये मी आठ-दहा दिवस घरून काम करायला गावी होतो. गुरुजी माझ्या वडिलांच्या ओळखीचे. म्हणाले, पोरांना कॉम्प्युटरचं काहीतरी दाखव. माझ्या बॅगेत दोन ईएसपी-३२ बोर्ड, दोन डीएचटी-११ सेन्सर, दोन छोटे स्क्रीन आणि मेमरी कार्डची मॉड्यूल्स होती. सगळं मिळून दीड हजारांच्या आत. ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी: ईएसपी-३२ हा काडेपेटीएवढा संगणक, आणि डीएचटी-११ ही भोकं असलेली निळी प्लास्टिकची डबी. डबीत एक थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान बदललं की ज्याचा विद्युतरोध बदलतो असा तुकडा, आणि हवेतली आर्द्रता ओळखणारा दुसरा एक भाग. बोर्ड दर दहा मिनिटांनी डबीला आकडा विचारतो, स्क्रीनवर दाखवतो आणि कार्डावर लिहून ठेवतो. दिवसाला १४४ नोंदी.

मी ठरवून गेलो होतो की ग्राफ कसा काढायचा ते शिकवायचं. पोरांनी पहिल्या दहा मिनिटांत माझा बेत उधळला. सेन्सरवर फुंकर मारली की आर्द्रता नव्वदच्या वर जाते, हे त्यांना कळलं, आणि मग तिसरी-चौथीच्या सतरा पोरांपैकी प्रत्येकाला फुंकायचं होतं. फुंकू दिलं. (खरं सांगतो, तुम्हीही कधी फुंकून बघा, मजा येते.)

मग चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, पत्र्याच्या खोलीत किती असंल?" तिचा लहान भाऊ पहिलीत होता. दुपारी त्याचं डोकं दुखतं, असं तिचं म्हणणं. आता प्रश्न तिचा होता, माझा नव्हता. इथून पुढे मला कोणाला गप्प बसायला सांगावं लागलं नाही.

एका बोर्डावर खडूने "अ" लिहिलं, दुसऱ्यावर "ब". अ पत्र्याच्या खोलीत, ब स्लॅबच्या खोलीत, दोन्ही खिडकीपासून लांब, पोरांच्या डोक्याच्या उंचीवर टांगले. दुपारी एक वाजता अ म्हणाला ३९, ब म्हणाला ३५. चार अंशांचा फरक! पोरांनी जल्लोषच केला. वाईट बातमीवर एवढा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून झालं: पत्रा ४ नं गरम.

मला डेटाशीट माहीत होती. डीएचटी-११ चा उत्पादकच सांगतो की तापमान अधिक-उणे २ अंशांनी चुकू शकतं. म्हणजे एक सेन्सर दोन अंश जास्त दाखवत असेल आणि दुसरा दोन अंश कमी, तर हा सगळा चार अंशांचा फरक नुसत्या डब्यांचाही असू शकतो. पण हे व्याख्यान द्यायचं मी टाळलं. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणालो, अ आणि ब ची अदलाबदल करून बघू का?

केली. दुपारी एक वाजता, आदल्या दिवशीसारखंच कडक ऊन. पत्र्याखाली ब: ३७. स्लॅबखाली अ: ३७.

दोन मिनिटं शांतता. मग मागून एक आवाज आला, "दादा, ह्यो खोटं बोलतोय." कोण खोटं बोलतोय, यावर दोन तट पडले. अ वाले आणि ब वाले. एकाने आजीचा तापमापक आणला. त्याने काही होणार नव्हतं, कारण तो काखेतल्या तापासाठी बनवलेला. सकाळच्या हवेत त्याच्यावर नुसतं "लो" येत होतं. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं की दोघांना एकाच खोलीत, शेजारी शेजारी टांगू. टांगले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कधीही बघा, अ हा ब पेक्षा दोनने जास्त.

आता गंमत बघा. खरा आकडा ३९ की ३७, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. पत्र्याखाली अ ने ३९ सांगितलं, ब ने ३७. स्लॅबखाली अ ने ३७ सांगितलं, ब ने ३५. दोघंही एकच सांगत होते: पत्रा दोन अंशांनी गरम. फळ्यावरचा ४ खोडून एका मुलाने २ लिहिला. खोडताना त्याचं तोंड उतरलं होतं, कारण ४ मोठा होता. कंपनीतल्या मीटिंगमध्ये आपला आवडता आकडा खोडताना मोठ्या माणसांची तोंडं अशीच होतात, आणि बरेच जण खोडतच नाहीत.

आडवी रेष आणि चार्जर

पुढचे सहा दिवस सेन्सर रात्रंदिवस चालू ठेवले. रोज सकाळी कार्डावरचे आकडे मी लॅपटॉपवर दाखवायचो आणि पोरं चौकटीच्या कागदावर ठिपके मांडायची, अ चे आकडे दोनने कमी करून. मुद्दाम कागदावर. लॅपटॉपवर ग्राफ एका क्लिकमध्ये येतो, आणि एका क्लिकमध्ये आलेल्या गोष्टीकडे पोरं एका क्लिकएवढाच वेळ बघतात.

तिसऱ्या दिवशी अकरा ते अडीचपर्यंत ब ची एकही नोंद नव्हती. मी मनात कोड तपासायला लागलो. कारण साधं होतं: गुरुजींनी मोबाइल चार्जिंगला लावताना पिन काढली होती. प्रश्न असा की कागदावर तिथे काय करायचं? एक म्हणाला, काल होतं तेच लिहू. दुसरा म्हणाला, आधीचा आणि नंतरचा ठिपका जोडून टाकू. जिने पहिला प्रश्न विचारला होता, तिने तुटक तुटक रेघ काढली आणि वर लिहिलं, "चार्जर". मी ज्या क्षेत्रात पगार घेतो तिथे या विषयावर जाडजूड पुस्तकं आहेत: हरवलेल्या नोंदी अंदाजाने भराव्यात की रिकाम्या सोडाव्यात. तिची पद्धत त्यातल्या बऱ्याच पद्धतींपेक्षा प्रामाणिक होती. अंदाज केला, पण तो अंदाज आहे हे दिसू दिलं आणि कारणही नोंदवलं.

सरासरी त्यांना शिकवली नव्हती, म्हणून मधला आकडा काढला. सतरा पोरं, प्रत्येकाच्या हातात दुपारच्या एकेका नोंदीची चिठ्ठी. लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत मैदानात ओळीने उभं राहायचं आणि दोन्ही टोकांनी एकेक जण बसत जायचं. जो उभा राहील तो मधला. त्यात एक चिठ्ठी ४६ ची होती, कारण कोणीतरी सेन्सर उन्हात धरून गंमत पाहिली होती. ती धरून उभा असलेला मुलगा ओळीच्या टोकाला गेला आणि पहिल्याच फेरीत खाली बसला. तो वेडावाकडा आकडा मधल्या आकड्याला धक्काही लावू शकला नाही. मीडियन म्हणजे काय, हे मला इंजिनिअरिंगला एवढं स्वच्छ कळलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठा धक्का बसला रात्रीच्या आकड्यांनी. पहाटे पाचला पत्र्याची खोली स्लॅबच्या खोलीपेक्षा थंड होती. "रात्री पंखा कुणी लावला?" हा पहिला प्रश्न. कोणीच नाही. पत्रा पातळ असतो, सूर्य मावळला की उष्णता पटकन टाकून देतो. स्लॅब दिवसभर उष्णता पिऊन ठेवतो आणि रात्रभर सोडत बसतो. दोन्ही रेघा सकाळी साडेदहाच्या सुमारास एकमेकींना छेदायच्या. तोवर पत्र्याखाली बसणं उलट बरं. त्यानंतर दर तासाला वाईट.

यासाठी सेन्सर लागतो. नुसतं दुपारचं तापमान घ्यायला साधा थर्मामीटर पुरे. पण पहाटे पाचला शाळेत कोणी नसतं, आणि तिथे जे घडत होतं ते गावात कोणी मोजलं नव्हतं. किटचं खरं काम रोबोट पळवणं नाही. आपण नसताना काय होतं, हे कंटाळा न करता लिहून ठेवणं, एवढंच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पोरांनी तो कागद मांडला. एक पालक म्हणाले, "पत्रा तापतो हे सांगायला मशीन कशाला पाहिजे?" बरोबरच होतं त्यांचं. पण साडेदहाची वेळ त्यांनाही ठाऊक नव्हती. आणि मग जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. लहानग्यांना दुपारी स्लॅबखाली आणायचं, तर पत्र्याखाली जायचं कोणी? तिसरी-चौथीने, म्हणजे ज्यांनी मोजलं त्यांनीच. आपलाच डेटा आपल्यावर उलटला, हे पोरांच्या लक्षात आलं. बरीच कुजबुज झाली. शेवटी ठरलं, मधल्या सुट्टीनंतर एक दिवस हे, एक दिवस ते. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्र्यावर चुना मारायचा. गेल्या वर्षी राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या होत्या, त्यामुळे हा फक्त मार्चचा प्रश्न उरला नव्हता.

दुसरीकडे काय चाललंय

ब्रिटनने हा प्रयोग देशपातळीवर केलाय. बीबीसीने २०१६ मध्ये सातवीच्या मुलांना साधारण १० लाख मायक्रोबिट फुकट वाटले. तळहातात मावणारा हा बोर्ड. हालचाल, दिशा, प्रकाश आणि तापमान त्यावरच मोजता येतं. २०२३ मध्ये प्राथमिक शाळांसाठी प्रत्येकी ३० बोर्डांचे संच देऊ केले, एकूण सुमारे ७ लाख. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट त्यानंतरची. २०२४ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाला सोबत घेऊन ७ ते ११ वयाच्या मुलांसाठी "प्लेग्राउंड सर्व्हे" काढला. आपल्याच शाळेचं मैदान मोजा. आधी बोर्ड दिले, मग मोजायला काहीतरी दिलं, आणि देशाची आकडेवारी सांभाळणारं कार्यालय सोबतीला.

एक बारकावा सांगतो, तो कोणत्याही जाहिरातीत नसतो. मायक्रोबिटचं तापमान त्याच्या प्रोसेसरच्या आत मोजलं जातं. त्यामुळे तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो, जे खोलीपेक्षा थोडं जास्त असू शकतं. चांगला शिक्षक असेल तर हाच दोष एका तासाचा धडा होतो. नसेल तर मुलं वर्षभर चुकीचा आकडा वहीत लिहितात.

आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅब आहेत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात १०,००० शाळांत त्या उभ्या केल्या. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान: १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षं चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. हे लहान काम नाही, आणि काही लॅबमध्ये फार चांगली पोरं घडलीत. पण लॅब सहावी ते बारावीसाठी आहे. नवा विषय तिसरीपासून येतोय. मधली तीन वर्षं काय?

आणि दुसरी अडचण अशी की विज्ञान प्रदर्शनाला गेलात तर चार टेबलांवर तोच स्मार्ट डस्टबिन उघडझाप करत असतो. मी टीका करायला मोकळा नाही. मी स्वतः इंजिनिअरिंगला लाइन फॉलोअर रोबोट केला होता. का केला? किटमध्ये तोच होता. काळ्या पट्टीवरून चालणाऱ्या त्या रोबोटने जगातल्या एकाही माणसाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. किट विकणाऱ्याने ठरवलेला प्रश्न, त्यानेच दिलेलं उत्तर, आणि मधे आपण फक्त वायरी जोडायच्या. यातून जोडारी येते, डेटा सायन्स येत नाही.

पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञान शिकवलं. ज्यांचं लहानपण त्यांचे व्हिडिओ बघण्यात गेलं त्यांना माहीत आहे की त्या खेळण्यांचा जीव ती मोडून परत जोडण्यात होता. त्यामुळे मला महागड्या, चकचकीत, सील केलेल्या किटची भीती वाटते. मूल ते उघडायला घाबरतं, आणि घरचे "जपून!" म्हणत मागे उभे असतात. शंभर रुपयांची निळी डबी बिघडली तर दुसरी आणता येते.

ॲपला जन्मतारीख कशाला हवी?

ताईने पाठवलेल्या किटचं ॲप मी उतरवून पाहिलं. ग्राफ बघायचा तर आधी खातं उघडा: मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, पालकांचा मोबाइल नंबर, लोकेशनची परवानगी. कशासाठी? तर खोलीचं तापमान बघायला! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर आपणच बघायचं. माझा साधा निकष: इंटरनेट बंद केल्यावर किट चालतं का? माझे बोर्ड कार्डावर लिहायचे, मायक्रोबिटची नवी आवृत्तीही नोंदी स्वतःच्या आत ठेवते. कॉम्प्युटरला जोडलं की फाइल उघडते. चालत नसेल, तर त्या खेळात मोजलं जाणारं मूलच आहे.

आणि खरं तर पहिलं किट तुमच्या खिशात आहे. घरी धाकटं भावंडं असेल तर जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या. फोनमधले सेन्सर उघडे करून दाखवतं, आकडे फाइलमध्ये काढून देतं. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल (सगळ्यांत नसतो) तर जिना चढत हवेचा दाब बघा: साधारण आठ-साडेआठ मीटरला एक हेक्टोपास्कल उतरतो. म्हणजे एका मजल्याला एक तृतीयांशाच्या आसपास, आणि तेवढं फोनला कळतं. लिफ्टमध्ये बसून कितवा मजला आला हे डोळे मिटून, ग्राफवरून सांगायचा खेळ माझ्या भाचीला इतका आवडला की सोसायटीच्या वॉचमनकाकांनी तक्रार केली. मग तिला विचारा, फोनवर ३४ अंश दिसतंय ते आपल्या खोलीचं का? बहुतेक फोनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. तो आकडा इंटरनेटवरून आलेला, शहराचा अंदाज असतो. यावर ती म्हणाली, "मग फोन खोटं बोलतो?" खोटं नाही, दुसऱ्याच जागेचं बोलतो. हा फरक समजावताना माझीच दमछाक झाली.

ताईला मी लिहिलं की ७,९९९ चं घेऊ नकोस. दोन निळ्या डब्या आणि बोर्ड मीच आणतो. एक नको, दोनच हव्यात. एकीवर शंका घ्यायला दुसरी लागते. तिचं उत्तर आलं, "क्लास नाही का लावायचा?" त्यावर आमचा अजून वाद चालू आहे.

गावच्या शाळेत मे महिन्यात पत्र्यावर चुना मारला. पावसाने त्यातला बराच धुऊन नेला, गुरुजींनी फोटो पाठवलाय. ती मुलगी आता पाचवीत गेली, शेजारच्या गावच्या शाळेत. पण तिचा भाऊ दुसरीत आहे, त्याच खोलीत. चुन्याने फरक पडला का, हे या मार्चमध्ये मोजायचं ठरलंय. गुरुजींनी फोनवर बजावलं की येताना तेच अ आणि ब घेऊन ये, नवे आणू नकोस, पोरं नव्यांवर विश्वास ठेवणार नाहीत. ब मला कपाटात सापडला. अ कुठे ठेवलाय ते या शनिवारी शोधायचंय.